लिसू लोकांचे फ्रेझरसाहेब

चीन देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत युनान नांवाचा प्रांत आहे. त्याच्या पश्चिमेस ब्रह्मदेश लागतो. या सीमेवर पर्वतांच्या उंच ओळी उत्तरेकडून दक्षिणेकडे गेल्या असून त्यांच्यामधील खोल दऱ्यांतून साल्वीन, मेकाँग व यांगत्से या तीन मोठ्या नद्या शेजारीं शेजारीं वाहतात. दऱ्या इतक्या अरुंद व कडे इतके उभे आहेत कीं, समोरच्या उतारावरील घर डोळ्यांस दिसत असतांहि तेथें पोंचण्यास सबंध दिवस मोडावा लागतो. सपाट खोऱ्यांत चिनी व शान लोकांचीं भातशेतें आणि बाजारपेठा. आणि वर, ढगांच्या वस्तींत, मका पिकवून व शिकार करून राहणारे लिसू लोक. या लोकांमध्यें ज्या एका इंग्रज गृहस्थांनीं आपल्या उमेदीचीं वर्षें घालविलीं, त्या जेम्स आउट्रम फ्रेझर यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम त्या लोकांच्या भाषेविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण तिच्यावांचून हें चरित्र नीट समजणार नाहीं. ज्याप्रमाणें मराठी, गुजराती, हिंदी व बंगाली या एका कुळांतील बहिणी आहेत, त्याप्रमाणें तिबेटी, ब्रह्मी आणि हिमालयापासून ब्रह्मदेशापर्यंतच्या डोंगरांतील शेंकडों बोली मिळून दुसरें एक मोठें कूळ होतें. त्यास तिबेटी-ब्रह्मी कूळ असें म्हणतात. आपल्या देशांतील मणिपुरी, बोडो व नागा लोकांच्या भाषा याच कुळांतल्या. या कुळाची एक शाखा युनान व त्याच्या आसपासच्या डोंगरांत पसरली आहे. यी, लिसू, लाहू, हानी, आखा या तिच्या मुख्य भाषा होत. विद्वानांनीं या शाखेस लोलो शाखा असें नांव दिलें. परंतु लोलो हें नांव त्या लोकांनीं आपण होऊन घेतलेलें नव्हे. तें चिनी लोकांच्या तोंडचें असून त्यांत तुच्छतेचा वास होता. म्हणून १९५० नंतरच्या वर्षांत चीन देशांत तें टाकून यी हें नांव ठरविण्यांत आलें. भाषापंडितांच्या ग्रंथांत मात्र जुनें नांव अजूनहि आढळतें.

या भाषांचें आपसांतील नातें साध्या शब्दांतहि दिसून येतें. पांच या संख्येस ब्रह्मी व लाहू भाषांत ङा म्हणतात, तर लिसू भाषेंत ङ्वा म्हणतात. ङ हें अक्षर आपणहि लहानपणीं घोकतों. पण त्यानें सुरू होणारा शब्द मराठींत सांपडत नाहीं. त्या भाषांत तो पदोपदीं भेटतो. वाक्याची ठेवण कांहीं अंशीं आपल्यासारखी आहे, कारण क्रियापद शेवटीं येतें. परंतु एक गोष्ट आपणांस अगदीं अपरिचित आहे. त्या भाषांत शब्दाचा अर्थ त्याच्या सुरावर अवलंबून असतो. लिसू भाषेंत ङ्वा हा शब्द एका सुरांत म्हटला म्हणजे मी असा अर्थ होतो, दुसऱ्या सुरांत पांच असा होतो, आणि तिसऱ्या सुरांत मासा असा होतो. असे सहा सूर त्या भाषेंत आहेत. ज्याचा कान तयार नाहीं, त्यानें शब्द कितीहि पाठ केले तरी त्याचें बोलणें ऐकणारास कळावयाचें नाहीं.

या शाखेंतील यी लोकांपाशीं जुनी लिपि होती. त्यांचे बिमो नांवाचे पुरोहित आपले मंत्र व वंशावळी तींत लिहून ठेवीत. लिसू लोकांपाशीं मात्र एकहि अक्षर नव्हतें. त्यांच्यांत अशी एक कथा सांगत असत कीं, देवानें फार पूर्वीं सर्व जातींस अक्षरें वांटून दिलीं. लिसू मनुष्यानें आपलीं अक्षरें कातड्यावर लिहून घेतलीं, आणि तें कातडें कुत्र्यानें खाऊन टाकिलें. कथा हंसण्याजोगी वाटते. परंतु तिच्यांत केवढें दुःख भरलें आहे तें पाहा. लिसू मनुष्य बाजारांत उतरला म्हणजे कर्जाचा कागद चिनी सावकार लिही, दाव्याचा कागद चिनी अंमलदार लिही, आणि त्यांत काय लिहिलें आहे हें समजण्यास त्याच्यापाशीं कांहींच साधन नसे. आपल्या लोकांवर विद्येचा दरवाजा बंद आहे, ही गोष्ट ते आपल्या नशिबाचा भाग समजत. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या आजोबा-पणजोबांनीं सावकाराच्या वहीवर न वाचतां आंगठा उठविला असेल, त्यांस याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

जेम्स फ्रेझर यांचा जन्म १८८६ सालीं इंग्लंडांतील सेंट आल्बन्स या गांवीं झाला. बुद्धि तल्लख होती. लंडन येथील इंपीरिअल कॉलेजांत त्यांनीं विजेच्या यंत्रविद्येचा अभ्यास केला. संगीताचें वेड तर असें कीं, विसाव्या वर्षीं त्यांनीं लोकांसमोर पियानोवादनाचा जाहीर कार्यक्रम केला. उंच डोंगर चढण्याचीहि त्यांस मोठी हौस होती. नोकरी, मान व पैसा हीं तिन्ही समोर दिसत होतीं. अशा वेळीं एका सोबत्यानें त्यांच्या हातीं एक लहानसें पुस्तक दिलें. ज्यांस शुभवर्तमान कधीं ऐकावयासच मिळालें नाहीं त्यांच्याविषयीं ख्रिस्ती मनुष्यावर कोणती जबाबदारी आहे, हा त्यांतील विषय होता. तें वाचून त्यांचें मन अस्वस्थ झालें. शेवटीं विजेचें काम व पियानो मागें ठेवून, हडसन टेलर यांनीं १८६५ सालीं स्थापिलेल्या चायना इनलँड मिशनमध्यें ते दाखल झाले आणि १९०८ सालीं, बाविसाव्या वर्षीं, चीनला निघाले.

आंकिंग येथील शाळेंत चिनी भाषेचे पहिले धडे घेतल्यावर त्यांस युनानच्या पश्चिम टोंकास असलेल्या तेंग्यूए या गांवीं पाठविण्यांत आलें. तेथून ब्रह्मदेशाची हद्द फार दूर नाहीं. १९०९ सालीं ते तेथें पोंचले. काम चिनी लोकांमध्यें करावयाचें होतें, आणि भाषेच्या अभ्यासांत त्यांनीं आपली सगळी शक्ति घातली. परंतु बाजाराच्या दिवशीं त्यांस रस्त्यांत एक निराळीच माणसें दिसत. पायांत गेटर गुंडाळलेले, अंगावर रंगीत वस्त्रें घातलेले, हातीं तिरकमठा घेतलेले हे डोंगरी लोक माल विकून निमूटपणें परत जात. शहरांतील लोक त्यांची थट्टा करीत. फ्रेझरसाहेबांचें मन त्यांच्याकडे ओढलें गेलें. ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं, त्यांच्यामागें आपण जावें असें त्यांस वाटूं लागलें.

मग ते त्यांच्याबरोबर डोंगरांत गेले. लिसूंच्या घरांत चुलीभोंवतीं निजावें, ते खातील तें खावें, आणि जवळ एक वही ठेवून जो शब्द कानीं पडेल तो टिपून घ्यावा, असा त्यांचा क्रम सुरू झाला. शिकविण्यास गुरु नाहीं, पाहण्यास कोश नाहीं. परंतु ज्या कानानें पियानोच्या सुरांतील बारीक फरक ओळखण्याची लहानपणापासून संवय केली होती, तोच कान आतां उपयोगीं पडला. इंग्लंड सोडतांना आपलें संगीत आपण टाकून आलों असें त्यांस वाटलें असेल. पण तें वायां गेलें नाहीं. चिनी भाषेनंतर लिसू भाषाहि ते सफाईनें बोलूं लागले.

भाषा आली, ओळखी झाल्या, लोक प्रेमानें घरांत घेऊं लागले. पण फळ मात्र दिसेना. लिसू लोक भुतांस फार भीत. प्रत्येक घरांत भुतांसाठीं एक लहानसें देव्हाऱ्यासारखें स्थान असे. घरांत कोणी आजारी पडलें कीं त्यापुढें डुकराचा किंवा कोंबड्याचा बळी देत. आणि बळी पुरविण्यासाठीं कर्ज काढीत. फ्रेझरसाहेबांचें बोलणें ते ऐकत, माना हलवीत, एखादें घर भुतांचें स्थान काढूनहि टाकी. पण पुढच्या महिन्यांत मूल तापानें फणफणलें म्हणजे तेंच घर पुन्हा बळीकडे वळे. पहिलीं कित्येक वर्षें अशींच गेलीं. पावसाळ्यांत डोंगर ढगांनीं झांकून जात, वाटा चिखलानें बंद होत, आणि गळक्या घरांत आठवड्यांमागून आठवडे एकट्यानें काढावे लागत. अशा एका काळीं त्यांस इतक्या गाढ निराशेनें घेरलें कीं, आपण येथें आलों हेंच चुकलें, आपली प्रार्थना कोणी ऐकतहि नाहीं, असें त्यांस वाटूं लागलें. बलवान व हुशार माणसासहि असे दिवस येतात, हें आमच्या उपदेशक बंधूंनीं ध्यानांत ठेवावें.

या अंधारांतून ते कसे निघाले? त्यांच्या मातोश्री इंग्लंडांत लेचवर्थ या गांवीं राहत असत. त्यांनीं आपल्या थोड्याशा मैत्रिणींस व शेजाऱ्यांस घरीं जमवून लिसू लोकांसाठीं नेमानें प्रार्थना करण्याचा प्रघात पाडला. फ्रेझरसाहेब त्यांस लांबलचक पत्रें लिहीत. त्यांत गांवांचीं नांवें, घरांचीं नांवें, कोणाचें मूल आजारी आहे, कोण माघार घेण्याच्या बेतांत आहे, सर्व कांहीं कळवीत. ही मंडळी दूर बसून नुसतें साहाय्य करीत आहेत असें ते मानीत नसत. हें अर्धें कामच ते करीत आहेत असें मानीत. १९१५ च्या आरंभीं त्यांनीं आपल्या मनाशीं एक गोष्ट ठरविली. लिसूंपैकीं एखाददुसरा मनुष्य नव्हे, तर शेंकडों कुटुंबें मिळावींत असें देवाजवळ मागावयाचें, आणि एकदां मागितल्यावर मिळालीं असें समजून कामास लागावयाचें. त्या वेळीं डोळ्यांस दिसणारी गोष्ट तर याच्या अगदीं उलट होती.

पुढेंहि बराच काळ कांहीं घडलें नाहीं. लिसूंचें काम सोडून जेथें लोक अधिक तयार आहेत अशा ठिकाणीं जावें काय, हा प्रश्न त्यांच्यापुढें उभा राहिला. १९१६ सालीं, निकाल काय तो एकदां लागावा म्हणून, त्यांनीं डोंगरांतील गांवांतून शेवटची एक फेरी करण्याचें ठरविलें. ती निरोपाचीच फेरी व्हावयाची होती. परंतु त्या फेरींत जें घडलें तें त्यांच्याहि अपेक्षेपलीकडचें होतें. एका गांवीं एक घर पुढें आलें, मग चार, मग दहा. कुटुंबेंच्या कुटुंबें आपण होऊन त्यांस बोलावूं लागलीं, घरांतील भुतांचीं स्थानें मोडून त्यांनीं तीं आगींत घातलीं, आणि पुढच्या गांवचे लोक वाट पाहत उभे राहिले. त्या हंगामाच्या अखेरीस सुमारें १२९ कुटुंबें, म्हणजे साधारण ६०० माणसें, त्यांच्या वहींत लिहिलीं गेलीं. फ्रेझरसाहेब लिसूंचा निरोप घेण्यास गेले होते, ते आतां आमरण लिसूंचे झाले.

पण खरी अडचण येथेंच सुरू झाली. सहाशें माणसें, तींहि दूर दूरच्या डोंगरांवर पसरलेलीं, शिकविणारा एक, आणि कोणाच्याहि हातीं पुस्तक नाहीं. ज्या घरानें सकाळीं ऐकलें तें संध्याकाळीं विसरणार. ताप आला कीं जुनी भीति परत येणार. ऐकलेलें टिकावयाचें तर तें कागदावर आलें पाहिजे, आणि कागद वाचणारा त्याच घरांतील असला पाहिजे. म्हणजे अक्षरेंच पाहिजेत.

या अक्षरांचा आरंभ अगोदरच झाला होता. ब्रह्मदेशांत मिटकिना येथें गाइस नांवाचे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी काम करीत. त्यांच्याबरोबर बा थॉ नांवाचे एक करेन जातीचे तरुण उपदेशक होते. करेन लोकहि ब्रह्मदेशांतील डोंगरी लोक. बा थॉ यांनीं लिसू लोकांसाठीं आपलें आयुष्य वाहून घेतलें होतें, आणि त्यांची भाषा रोमन अक्षरांत लिहिण्याचा प्रयत्न त्यांनीं व गाइस यांनीं चालविला होता. फ्रेझरसाहेब त्यांस जाऊन मिळाले. तिघांनीं मिळून त्या लिपींतील उणिवा दूर केल्या, आणि १९१५ च्या सुमारास तयार झालेली ही लिपि पुढील दोनतीन वर्षांत सुधारून पक्की झाली. जगांत ती फ्रेझर यांची लिपि या नांवानें ओळखली जाते. परंतु नांव एकाचें असलें तरी काम तिघांचें आहे, आणि त्या तिघांत एक आशियांतील डोंगरी उपदेशक होता, ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतों. उपदेशकांचीं नांवें पुस्तकांच्या पहिल्या पानावर क्वचितच येतात.

ही लिपि मोठी युक्तीची आहे. तींत ४० अक्षरें असून त्यांतील ३० व्यंजनें व १० स्वर आहेत. सर्व अक्षरें रोमन लिपींतील मोठ्या अक्षरांवरून घेतलीं आहेत. आणि जेथें तीं पुरीं पडलीं नाहींत तेथें तींच अक्षरें उलटीं किंवा फिरवून वापरलीं आहेत. यांत फायदा असा कीं, नवीन खिळे ओतण्याची गरज नाहीं. ज्या छापखान्यांत इंग्रजी खिळे आहेत, तेथील जुळाऱ्यानें कांहीं खिळे डोक्यावर उभे केले म्हणजे लिसू पुस्तक छापून तयार. गरीब लोकांच्या पुस्तकास याहून स्वस्त उपाय सुचणें कठीण. दुसरी एक गोष्ट आपणांस ओळखीची वाटेल. आपल्या क या अक्षरांत अ हा स्वर न लिहितां असतोच. तसाच लिसू व्यंजनांतहि आ सारखा स्वर धरलेलाच असतो, तो निराळा लिहावा लागत नाहीं. सुरांसाठीं टिंब, स्वल्पविराम, दोन टिंबें अशीं सहा चिन्हें अक्षरापुढें मांडिलीं आहेत. तींहि छापखान्यांतील नेहमींचींच. आणि टिंब सुराकडे गेल्यामुळें वाक्य संपल्याची खूण म्हणून दोन आडव्या रेघांचें चिन्ह घेतलें. ज्यानें कधीं पाटी पाहिली नव्हती असा शेतकरीहि कांहीं आठवड्यांच्या अभ्यासानें वाचूं लागावा, इतकी ही लिपि सोपी ठरली.

प्रथम बालबोधासारखें लहान पुस्तक व प्रश्नोत्तरी निघाली. नंतर मार्ककृत व योहानकृत शुभवर्तमानांचें भाषांतर झालें. १९२२ सालीं रंगून येथें फ्रेझरसाहेबांचें लिसू भाषेवरील इंग्रजी पुस्तक छापून निघालें. त्यांत त्या भाषेचें व्याकरण व शब्दसंग्रह दिला असून लिसू लोकांचीहि माहिती आहे. डोंगरांतील अडाण्यांची बडबड म्हणून जिची थट्टा होत होती, तिलाहि नियम आहेत, तिलाहि घराणें आहे, हें त्या पुस्तकानें विद्वानांस दाखविलें. अक्षरांची ही भूक लिसूंमध्यें किती खोल होती याचा दुसराहि एक पुरावा आहे. १९२० नंतरच्या दशकांत उत्तरेकडील वैसी भागांत वा रेनबो नांवाच्या एका लिसू शेतकऱ्यानें, कोणाच्या शिकविण्यावांचून, आपल्या भाषेसाठीं शेंकडों चिन्हांची एक स्वतंत्र लिपि बसविली. ती फार पसरली नाहीं. पण कातड्यावरचीं हरवलेलीं अक्षरें परत मिळावींत अशी तळमळ त्या लोकांच्याच अंतःकरणांत होती, हें तींवरून स्पष्ट दिसतें.

आतां फ्रेझरसाहेबांच्या कामाची जी रीत होती तिच्याविषयीं लिहितों, कारण आमच्या मतें त्यांच्या चरित्रांतील मर्म तींत आहे. त्यांनीं लिसू उपदेशकांस परदेशच्या पैशांतून पगार दिला नाहीं. जो गांवोगांव शिकवीत फिरे, त्यास मंडळींनीं जेवूं घालावें व त्याच्या घरची गरज भागवावी, असा नियम होता. प्रार्थनामंदिर पाहिजे तर गांवच्या लोकांनीं लांकूड तोडावें, भिंती उभाराव्या, छप्पर घालावें. पुस्तकेंहि फुकट वांटलीं नाहींत. ज्यास पाहिजे त्यानें विकत घ्यावीं. अफूची लागवड व मक्याची दारू सोडणें हेंहि लोकांस महाग पडत होतें, तरी तें सोडावें लागे. इतक्या गरीब लोकांवर इतकें ओझें घालणें कोणासहि कठोर वाटेल. फ्रेझरसाहेबांस त्यांची गरिबी ठाऊक नव्हती असें नाहीं. ते त्यांच्याच चुलीपाशीं निजत होते. पण त्यांनीं पुढची गोष्ट पाहिली. परक्याच्या पैशानें उभें राहिलेलें काम परका गेला कीं बसतें. जें आपल्या मक्याच्या दाण्यांनीं विकत घेतलें, तें मनुष्य जपून ठेवितो.

या रीतीची कसोटीहि लवकरच लागली. १९२२ सालीं ते रजेवर मायदेशीं गेले. परत आल्यावर मिशननें त्यांस लिसूंकडे न पाठवितां उत्तरेस दूर असलेल्या कान्सू प्रांतांत पाठविलें. मनाविरुद्ध असतांहि ते गेले. कित्येक वर्षांनीं ते जेव्हां युनानांत परतले, तेव्हां लिसूंच्या मंडळ्या विस्कटल्या नव्हत्या. उलट वाढल्या होत्या. लिसूंनींच दुसऱ्या लिसूंस शिकविलें होतें, आणि दऱ्या ओलांडून नवीन गांवांत पुस्तकें पोंचविलीं होतीं. त्यानंतर युनानांतील कामाची देखरेख फ्रेझरसाहेबांवर आली. १९२९ सालीं रॉक्सी डायमंड यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. या बाईंचे वडील फ्रँक डायमंड हे युनानांतील जुने मिशनरी असून मिआव लोकांसाठीं लिपि करणाऱ्या सॅम्युएल पोलार्ड यांचे सहकारी होते. फ्रेझर दांपत्यास तीन मुली झाल्या.

नव्या कराराचें मोठें काम त्यांनीं आपल्याच हातांत धरून ठेविलें नाहीं. तें त्यांनीं अ‍ॅलिन कूक व लीला कूक या दांपत्याच्या व त्यांच्या लिसू सोबत्यांच्या स्वाधीन केलें, आणि १९३० नंतरच्या वर्षांत स्वतः परत येऊन तपासण्यास व सुधारण्यास हातभार लाविला. १९३६ सालीं हें भाषांतर पुरें झालें व १९३८ सालीं छापून निघालें. ज्या मनुष्यानें पंचवीस वर्षांपूर्वीं चुलीच्या उजेडांत पहिला शब्द टिपून घेतला, त्याच्या हयातींत हें काम पूर्णतेस गेलें.

त्याच १९३८ सालीं सप्टेंबर महिन्यांत बाओशान येथें त्यांस हिवताप झाला. तो मेंदूंत गेला, आणि थोड्याच दिवसांत, २५ सप्टेंबर रोजीं, त्यांचा अंत झाला. त्या वेळीं त्यांचें वय ५२ वर्षांचें होतें. लिसूंच्या डोंगरांपासून दूर नसलेल्या त्याच गांवीं त्यांस मूठमाती देण्यांत आली.

चरित्र येथें संपतें. पण आम्ही हें लिहावयास घेतलें तें पुढील गोष्टींसाठीं. १९४९ सालीं चीन देशांत राज्यक्रांति झाली, आणि त्यानंतर दोनतीन वर्षांत सर्व परदेशी मिशनरी तेथून निघून गेले. १९५७ सालीं लिसू भाषेसाठीं रोमन अक्षरांची दुसरी एक लिपि सरकारनें काढिली. पुढें १९६६ पासून १९७६ पर्यंत जी मोठी धामधूम झाली तींत प्रार्थनामंदिरें बंद पडलीं व पुस्तकें जाळण्यांत आलीं. अनेक लिसू कुटुंबें हद्द ओलांडून ब्रह्मदेशांत गेलीं होतीं. तेथें व थायलंडांत काम चालूच राहिलें, आणि १९६८ सालीं संपूर्ण पवित्र शास्त्र लिसू भाषेंत निघालें. चीनमध्यें १९८० च्या सुमारास मंदिरें उघडूं लागलीं, तेव्हां लोक तींच जुनीं उलटीं-सुलटीं अक्षरें घेऊन बाहेर आले. कागद जळाला होता. वाचणारे जळाले नव्हते. १९९२ सालीं चीन सरकारनें या जुन्या लिपीस लिसू भाषेची अधिकृत लिपि म्हणून मान्यता दिली, आणि २००९ सालीं संगणकांच्या जागतिक अक्षरसंचांतहि तिला स्थान मिळालें. २०२० च्या शिरगणतींत चीनमध्यें लिसूंची संख्या साडेसात लाखांहून अधिक भरली. आपल्या भारतांतहि, अरुणाचल प्रदेशाच्या चांगलांग जिल्ह्यांत विजयनगरच्या बाजूस, कांहीं हजार लिसू राहतात. त्यांस योबिन असेंहि म्हणतात. तेहि बहुतेक ख्रिस्ती आहेत. साल्वीनच्या खोऱ्यांत तर लिसू मंडळ्या चार आवाजांत गीतें गातात. ज्यानें त्यांच्यासाठीं आपला पियानो सोडला, त्याच्या लोकांपाशीं संगीत असें परत आलें.

कान्सूहून परतल्यावर जें फ्रेझरसाहेबांच्या दृष्टीस पडलें, तेंच त्यांच्या मरणानंतर मोठ्या प्रमाणावर घडलें. मिशनरी गेले, पैसा नव्हता, मंदिर बंद, पुस्तक नाहीं. आणि तरी काम राहिलें, कारण तें आधींपासूनच त्या लोकांचें होतें. आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत पुष्कळ ठिकाणीं अजून एकटे उपदेशकच वाचतात व बाकीचे ऐकतात. त्या बंधूंस आमची इतकीच सूचना आहे कीं, या पावसाळ्यांत शेतीचीं कामें थांबतील तेव्हां, ज्या घरांत वाचणारें कोणी नाहीं असें एक घर त्यांनीं निवडावें, आणि आपण वाचून दाखविण्याऐवजीं त्या घरांतील एकास वाचावयास शिकवावें. उपदेशकाची बदली होते, त्यास म्हातारपण येतें. पण ज्या घरांत अक्षर शिरलें, त्या घरांतून तें सहसा जात नाहीं.